इंजिनाची तक्रार ऐकावी कशी?



यंत्र मुके असते असे आपण म्हणतो. परंतु ज्याने चार वर्षे यंत्रापाशी उभे राहून काढली आहेत, त्याला हे विधान पटणार नाही. यंत्र बोलते, आणि बहुधा खरेच बोलते. चुकतो तो ऐकणारा. जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या इंजिनातून एके दिवशी टक्‌ टक्‌ असा आवाज येऊ लागला, तर त्याचे मूळ शोधायचे कसे, हा आजचा विषय वरवर पाहता शौकिनांचा वाटेल. पण निदानाची जी शिस्त त्यात लागते, ती पिठाच्या गिरणीपासून कापडाच्या मागापर्यंत सर्वत्र एकच आहे.

बोलणे मोघम राहू नये म्हणून आपण एकच गाडी डोळ्यांपुढे ठेवू. ती म्हणजे एम. जी. बी. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचे गाव आहे. तेथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही उघडी, दोन आसनी गाडी तयार होत असे. लाखो गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतल्या पुष्कळ आजही चालतात. इंजिन चार सिलिंडरांचे, १७९८ घनसेंटिमीटरचे, साधे आणि दणकट. आपल्याला ते अगदीच परके नाही. आपल्या अँबॅसडर मोटारीत अनेक वर्षे जे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन होते, ते याच घराण्यातले. तेव्हा या घराण्याचा आवाज तुमच्यापैकी अनेकांच्या कानांवरून गेलेला आहे.

आता, "आवाज येतो" एवढे म्हणणे म्हणजे अर्धीच तक्रार झाली. युनियनच्या कचेरीत कामगार येतो आणि म्हणतो, "खात्यात फार त्रास आहे." त्याला आम्ही आधी विचारतो: कधी? कोणत्या पाळीत? कोणते काम चालू असताना? इंजिनालाही असेच प्रश्न विचारावेत. आवाज इंजिन थंड असताना येतो, की तापल्यावर? गाडी उभी असताना, की चढावर ओझे पडल्यावर? इंजिनाचा वेग वाढवला की ठोके त्याच प्रमाणात वाढतात का? क्लच दाबल्यावर काही फरक पडतो का? ही उत्तरे वहीत लिहून काढावीत. पाना हातात घेण्याची वेळ अजून आलेली नाही.

पहिली परीक्षा सर्वांत स्वस्त असावी. फॅनबेल्ट काढून इंजिन फक्त मिनिटभर चालवावे. अधिक नको, कारण पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालतो. आवाज थांबला तर दोष पंपात किंवा वीज निर्माण करणाऱ्या डायनॅमोत आहे, इंजिनाच्या पोटात नाही. क्लच दाबताच आवाज गेला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगकडे पाहावे. दाबल्यावरच सुरू झाला तर क्लचच्या रिलीज बेअरिंगकडे. धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी असलेले गॅस्केट फुटले, तर तेथून निसटणारा वायू हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक करतो. अशा वेळी टॅपेट खोलत बसणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

बाहेरचे संशयित सुटले की मग आत वळावे. येथे थोडे गणित उपयोगी पडते. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. क्रँक मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह ४०० वेळा उघडतो. म्हणून व्हॉल्व्हच्या बाजूचा आवाज इंजिनाच्या निम्म्या वेगाने येतो. क्रँकच्या बाजूचा बहुधा पूर्ण वेगाने. टायमिंग तपासण्याचा दिवा पहिल्या प्लगच्या तारेला जोडला, तर तो दोन फेऱ्यांत एकदाच लुकलुकतो. प्रत्येक लुकलुकीबरोबर एकच ठोका पडत असेल, तर संशय वरच्या मजल्यावर. दोन पडत असतील, तर खालच्या.

वरच्या मजल्यावर आठ व्हॉल्व्ह आहेत. इंजिन थंड असताना प्रत्येकाची फट पंधरा सहस्रांश इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर ठेवायची. मिस्त्री लोकांचा यासाठी नऊचा नियम आहे: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिल्याची फट मोजावी, सातवा उघडा असताना दुसऱ्याची, बेरीज नेहमी नऊ. परंतु येथेच एक गूढ उभे राहते. फट बरोबर मोजली, पेच आवळले, तरी टिकटिक जात नाही! कारण असे की वर्षानुवर्षांच्या मारामुळे रॉकरच्या टोकाला खळगा पडलेला असतो. मोजण्याची पट्टी सपाट. ती खळग्यावरून पुलासारखी जाते आणि खरी फट तिच्याखाली लपून राहते. पट्टी खोटे बोलत नाही, पण खळग्यातले तिला दिसतही नाही. अशा वेळी रॉकर बदलणे किंवा त्याचे टोक घासून नीट करून घेणे हाच उपाय.

खालच्या मजल्याची भाषा निराळी असते. थंड इंजिनात भरड खडखड येते आणि तापल्यावर विरते, तेव्हा पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटत असतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगला की जागा भरून काढतो. असे इंजिन काही काळ सांभाळून चालवता येते. परंतु जाड, खोल, हातोड्यासारखा ठोका, जो ओझे पडताच किंवा वेग सोडताच उमटतो, तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असण्याचा संभव फार. याची परीक्षा अशी: एकेका सिलिंडरची ठिणगी क्षणभर बंद करावी. तार मोकळी न सोडता इंजिनाच्या धातूला जोडून ठेवावी आणि हात जपावा, कारण तिचा झटका जबर असतो. ज्या सिलिंडरची ठिणगी तोडल्यावर ठोका मंदावतो, तेथे रोग आहे. टॅपेटच्या आवाजाला या परीक्षेने काहीच फरक पडत नाही.

यानंतर तेलाची साक्ष घ्यावी. या गाडीत तेलाचा दाब दाखवणारा काटा आहे. तापलेले इंजिन नेहमीच्या वेगाने चालत असता दाब चौरस इंचाला ५० ते ८० पौंड असावा. तो बराच खाली असेल आणि जुने तेल काढल्यावर त्यात चुंबकाला न चिकटणारे चकाकते कण दिसले, तर ते बेअरिंगचेच अंग झिजून आलेले आहे. मग एक मैलही गाडी हाकू नये, ओढून न्यावी. ढिला रॉड तुटला तर इंजिनाची बाजू फोडून बाहेर येतो, आणि थोडक्या खर्चाच्या बेअरिंगपायी सारे इंजिन भंगारात जाते. उलट, टॅपेटच्या निरुपद्रवी टिकटिकीला घाबरून धडधाकट इंजिन खोलणाराही नुकसानच करून घेतो. दोन्हीकडे दोष एकच: ऐकण्याआधी निकाल दिला.

लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानापुढच्या हाडाला लावून मिस्त्री ऐकतो, तेव्हा काहीजण हसतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने कागदाच्या सुरळीतून रुग्णाची छाती ऐकली आणि त्यातूनच स्टेथॉस्कोप जन्मला. तत्त्व एकच. मात्र धातूतून आवाज दूरवर पसरतो, म्हणून एका जागी ऐकून समाधान मानू नये. जेथे तो सर्वांत स्पष्ट, तेथे खूण करावी. आणि सैल बाही किंवा पदर फिरत्या पंख्यापासून दूर ठेवावा.

१९८० साली ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. इंजिन सुरू होताच नुसत्या कानाने त्याचा दोष सांगू शकणारी माणसे पांगली. गाड्या राहिल्या, सुटे भागही मिळतात; पण असा कान पेटीत घालून विकत मिळत नाही. तो वर्षांच्या कामाने तयार होतो आणि कारखान्याच्या हिशेबाच्या वहीत त्याची नोंद कुठेच नसते. आपल्या गावातही असे कान आहेत. त्या मिस्त्रींच्या शेजारी एखादा तरुण मुलगा उभा करा, आणि "हे तुम्ही कशावरून ओळखले?" असे त्याला विचारू द्या. उत्तर वहीत उतरले तर ते पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल.