संच एकाचा, सूत्र दुसऱ्याचें

दूरचित्रवाणीचा संच विकत घेणारा गृहस्थ पेटीवरील नांव वाचतो आणि संच त्याच कारखान्याचा असें समजून चालतो. कांच, पेटी आणि तारा यांपुरतें तें खरेंही असतें. परंतु पडदा उजळतांच जी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, चित्रपटांची यादी मांडते, ती पुष्कळदां दुसऱ्याच कोणाची असते. कारखानदारानें ती परवान्यानें घेतलेली असते. हा व्यवहार अमेरिकेंतील रोकू कंपनीच्या उदाहरणावरून चांगला समजतो.

अँथनी वुड यांनीं ही कंपनी २००२ सालीं काढली. जपानी भाषेंत रोकू म्हणजे सहा. वुड यांचा हा सहावा उद्योग होता. २००७ सालीं नेटफ्लिक्स या चित्रपट पुरविणाऱ्या कंपनीसाठीं ते एक लहानशी पेटी तयार करीत होते. इंटरनेटवरून येणारा चित्रपट तिनें घरच्या पडद्यावर दाखवावयाचा होता. परंतु आपण स्वतः पेटी विकूं लागलों तर संच बनविणारे आपणांस प्रतिस्पर्धी मानतील, हें ओळखून नेटफ्लिक्सनें तें काम रोकूकडे सोंपविलें. मे २००८ मध्यें ती पेटी सुमारें १०० डॉलरांस बाजारांत आली.

अशा यंत्रांची खुबी पाहण्यासारखी आहे. चित्रपटाचे कांहीं सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कमीअधिक स्पष्टतेच्या अनेक प्रतींत सिद्ध असतो. माहिती किती वेगानें येत आहे हें पाहून यंत्र त्या वेगास झेपेल तीच प्रत मागवितें. वेग मंदावला तर चित्र किंचित् धूसर होतें, पण खेळ थांबत नाहीं.

जानेवारी २०१४ मध्यें रोकूनें ही आज्ञावली चीनमधील टीसीएल आणि हायसेन्स या कंपन्यांच्या संचांत घालण्याचें जाहीर केलें. संचाच्या अंतर्रचनेचा आराखडाही सोबत दिला. कारखान्यांस तयार यंत्रणा मिळाली आणि रोकूस दूरचित्रवाणीचा कारखाना न काढतां घरोघरीं प्रवेश मिळाला.

मात्र परवान्याचें शुल्क ही यांतील खरी मिळकत नव्हे. संच एकदांच विकला जातो. जाहिराती आणि वर्गणींतील वांटा मात्र पुढें वर्षानुवर्षें येत राहतो. २०१८ सालीं या मार्गानें रोकूस सुमारें ४१ कोटी ७० लाख डॉलर मिळाले, तर पेट्यांच्या विक्रीपासून सुमारें ३२ कोटी ६० लाख. कारखानदार संच विकून मोकळा होतो. ग्राहकाशीं नित्याचा संबंध परवाना देणाऱ्याचा राहतो.

म्हणूनच हें नातें नाजूक आहे. टीसीएलनें २०२१ सालीं गूगलची यंत्रणा असलेलेही संच अमेरिकेंत आणले, आणि २०२३ सालीं रोकूनें स्वतःच्या नांवाचे संच विकण्यास आरंभ केला. प्रतिस्पर्धी ठरण्याच्या ज्या भीतीनें नेटफ्लिक्सनें पेटी हातावेगळी केली होती, तीच भूमिका रोकूनें आपण होऊन पत्करली.

या व्यवहारांत तिसरा पक्ष प्रेक्षकाचा. पडद्यावर काय चाललें आहे हें ओळखून त्याची नोंद घेण्याची सोय अशा संचांत असते, आणि जाहिरातदारांस त्या नोंदीचें मोल असतें. ती सोय बंदही करतां येते. तेव्हां संच घरीं आणतांना पेटीवरील नांवाबरोबर आंतील आज्ञावली कोणाची, हेंही विचारावें. कारण पैसे एकदां मोजले तरी तिच्याशीं व्यवहार रोजचाच असतो.