फोटो उलटून बघा
(जुने चेहरे, जुने कॅमेरे : भाग ६)

1855 साली आगगाडी कल्याणहून पुढे आपल्या वाशिंदला पोचली. त्याच वर्षी मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये सरकारने छायाचित्रणाचा वर्ग सुरू केला. त्या वर्गात शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे हरिश्चंद्र चिंतामण. पैसे घेऊन माणसांचे फोटो काढणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांपैकी हा एक, आणि तरी त्याचं नाव आज कुणाच्या ओठावर नाही.

1858च्या सुमारास त्याने मुंबईत स्टुडिओ थाटला. गेल्या आठवड्यात आपण काचेची निगेटिव्ह पाहिली. ती हाताळायची म्हणजे काय, ते त्याच्या जागी उभं राहून बघा. काचेवर चिकट कोलोडियन ओतायचं, अंधारात ती सिल्वर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असेपर्यंतच फोटो काढून धुऊनही टाकायची. सगळं मिळून दहाएक मिनिटं. आपल्याकडच्या उकाड्यात तर त्याहून कमी, कारण कोलोडियनमधला ईथर भराभर उडून जातो. समोर बसलेल्याने काही सेकंद हलायचं नाही. त्यासाठी मानेमागे लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंतली माणसं रागीट दिसतात असं आपण म्हणतो. मला ती श्वास रोखून धरलेली दिसतात.

हरिश्चंद्राचं गिऱ्हाईक म्हणजे संस्थानिक आणि शहरातली बडी मंडळी. ठाण्याच्या डोंगरपट्ट्यातल्या ठाकूर-कातकऱ्यांनी स्वतःच्या हौसेने स्टुडिओत जाऊन बसावं, असे ते दिवस नव्हते. तेव्हा 'जाती-जमातीं'ची चित्रं जमवली जात, पण त्यांत माणसाचं नाव बहुधा लिहिलेलंच नसे.

पुढे हा माणूस कॅमेऱ्यापुरता उरला नाही. 1874 साली लंडनच्या ट्रुबनर कंपनीने त्याचं भगवद्गीतेवरचं इंग्रजी भाष्य छापलं. त्यावर तो बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचा राजकीय प्रतिनिधी म्हणून झळकतो. वर्षभरात मल्हाररावांची गादी गेली. मग तो मुंबईच्या आर्य समाजाचा अध्यक्ष झालेला दिसतो. फेब्रुवारी 1879मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की मुंबईत उतरले, तेव्हा त्यांच्या राहण्याची सोय यानेच केली. नंतर त्याने घरभाड्यापासून स्वागतापर्यंतच्या खर्चाचं बिल पुढे ठेवलं, आणि आर्य समाजासाठी अमेरिकेहून पाठवलेले सहाशेच्या वर रुपयेही त्याच्याकडेच राहिले होते, असं ऑल्कॉट यांनी आठवणींत लिहिलं आहे. ही एका बाजूची हकिगत आहे. पण नाव चर्चेतून पुसलं जायला तेवढी पुरली असावी, असं मला वाटतं. इतक्या वर्षांचं हातकाम एका बिलाखाली दबावं, हे मला मनापासून खुपतं.

म्हणून शहापूर-मुरबाडच्या वाचकांना विनंती. माळ्यावरच्या पेटीत, देवघराच्या फडताळात जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला पिवळट फोटो असेल तर तो उलटून बघा. फोटोग्राफरचं नाव आणि पत्ता पुष्कळदा मागेच छापलेला असतो. फोटोचा कागद पुठ्ठ्यावरून सोलू नका. त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असतो. ओलं फडकं तर अजिबात लावू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका आणि मागचा मजकूर अक्षरशः उतरवून घ्या, इंग्रजी स्पेलिंगसकट. हरिश्चंद्राचं एकच नाव निरनिराळ्या स्पेलिंगांनी छापलेलं आहे, आणि त्यामुळे एकच माणूस दोन वाटू शकतो.

पुढच्या आठवड्यात : डॉ. भाऊ दाजींचे धाकटे बंधू आणि कॅमेरा हाती घेतलेले डॉक्टर, नारायण दाजी.