आपोआप पडणारा गिअर कां अडतो?

१९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठीं जनरल मोटर्सनें ‘हायड्रामॅटिक’ ही स्वयंचलित गिअरपेटी आणली. क्लचचें पायदान नाहींसें झालें आणि त्याचें काम तेलाच्या दाबाकडे गेलें. गाडीचा वेग वाढला कीं एक दाब वाढतो. ॲक्सिलरेटर दाबला कीं त्याच्या विरुद्ध दुसरा. पहिला वरचढ झाला म्हणजे वरचा गिअर पडतो.

म्हणूनच अशा जुन्या गाडीचा गिअर उशिरां पडूं लागला, अथवा एंजिन घोंघावूनहि गाडी वेग घेईना, तर पेटी उघडण्याची घाई करूं नये. एंजिन तापून मंद चालू असतां प्रथम मापकाठीनें तेल पाहावें. तें कमी असेल तर दाब पुरत नाहीं व पकड निसटते. अशा वेळीं गळतीहि शोधावी. तेल काळवंडून त्यास जळकट वास येत असेल, तर आंतील चकत्या बहुधा जळाल्या आहेत. केवळ तेल बदलून गुण येणार नाहीं. परंतु तेल स्वच्छ व पुरेसें असूनहि गिअर वेळेवर पडत नसेल, तर ॲक्सिलरेटरपासून पेटीकडे जाणारी दांड्यांची जोडणी तपासावी. तिची लांबी चुकली असेल, तर दाबाचा मेळ बिघडतो. हा दोष बाहेरूनच दूर होतो. त्यासाठीं सबंध पेटी उतरविणें म्हणजे रोगापेक्षां इलाज भयंकर.