इंजिनापासून चाकापर्यंत – भाग ६ : गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं, क्राऊनचं वेगळं

मागच्या आठवड्यात आपण क्लचपर्यंत आलो होतो. क्लचच्या मागे गिअरबॉक्स, तिथून निघणारा प्रोपेलर शाफ्ट आणि शाफ्टच्या शेवटी मागच्या ॲक्सलवरचा तो फुगीर लोखंडी गोळा, म्हणजे डिफरन्शियल. या दोन्ही ठिकाणी ऑईल असतं. इंजिन ऑईल किती किलोमीटरला बदलायचं हे कोणताही गाडीवाला झोपेत सांगेल, पण या दोन ऑईलांची चौकशी बहुधा आवाज सुरू झाल्यावरच होते. तोवर उशीर झालेला असतो.

येरमाळ्याचं उदाहरण घेऊ. बालाघाटाच्या डोंगरातलं हे गाव. सोलापूर-धुळे महामार्ग आणि बार्शी-कळंब रस्ता इथे एकमेकांना छेदतात. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेला येणाऱ्या गाड्या नुसत्या उभं राहून पाहाव्यात. बोलेरो, क्रूझर, एखादी जुनी सुमो, ईको, आणि त्यांच्याबरोबर ऑल्टो, स्विफ्ट. माणसं दाटीवाटीने बसलेली, टपावर बोचकी, वर एप्रिलचं ऊन. अशा ओझ्यानिशी चढ चढताना इंजिनाचा सगळा जोर गिअरच्या दातांवरून जातो, आणि दाताला दात लागू न देणारा पदार्थ म्हणजे हे ऑईल. ते घ्यायला माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, "दादा, नव्वद नंबर द्या दोन लिटर." दुकानदारही काढून देतो. ही मागणी चुकीची नाही, पण अर्धीच आहे.

नव्वद हा फक्त दाटपणाचा आकडा. ऑईल १०० अंश सेल्सिअसला तापवल्यावर त्याचा दाटपणा साधारण १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक भरला की ते ९० नंबर. इंजिन ऑईलचा ४० नंबर म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक. म्हणजे तापल्यावर गिअरचं ९० आणि इंजिनाचं ४० जवळपास सारखंच पातळ असतं. मोजपट्ट्या दोन आहेत, एवढंच. ९० हे ४० पेक्षा दुप्पट दाट, ही समजूत मनातून काढून टाका. डब्यावर ८०डब्ल्यू-९० लिहिलेलं असेल, तर पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा. ८०डब्ल्यूची परीक्षा उणे २६ अंशांवर होते, ७५डब्ल्यूची उणे ४० वर. आपल्याकडे तसली थंडी पडत नाही, त्यामुळे ७५डब्ल्यूचा उपयोग एवढाच, की डिसेंबरातल्या पहाटे पहिला-दुसरा गिअर जरा हलका पडतो. कंपनीने ७५डब्ल्यू सांगितलं असेल तर तेच घाला, पण ते महाग आहे म्हणून न सांगितलेल्या गाडीत घालू नका. आवाज दाबायला जुन्या गाडीत १४० नंबर ओतण्याची रीत मात्र मला मुळीच पटत नाही. आवाज कमी होतो हे खरं, पण झिजलेलं बेअरिंग झिजलेलंच राहतं आणि सकाळी गिअर पडता पडत नाही.

खरा प्रश्न दुसऱ्या ओळीत असतो : जीएल-४ की जीएल-५? हे एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेले वर्ग आहेत. ते दाटपणाबद्दल काहीच सांगत नाहीत. दातांवर किती दाब आणि किती घसट ते ऑईल सोसेल, हे सांगतात. कोणता वर्ग हवा ते आत कोणते दाते आहेत त्यावर ठरतं, म्हणून जरा आत डोकावू.

आधी डिफरन्शियल. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत शाफ्टचं फिरणं काटकोनात वळवून चाकांकडे न्यावं लागतं. ते काम क्राऊन, म्हणजे मोठं दातेरी चाक, आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, करतात. आजच्या बहुतेक गाड्यांत पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर नसतो, थोडा खाली बसवलेला असतो. याला हायपॉइड रचना म्हणतात. १९२६ मध्ये अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने ती मोटारीत आणली. शाफ्ट खाली आला, गाडीचा तळ खाली घेता आला आणि दातेही मजबूत झाले. किंमत मोजावी लागली ती वंगणात. हायपॉइडचे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घासतही जातात, आणि त्या घासण्यात मधला ऑईलचा थर पुसला जातो. साधं ऑईल तिथे हरतं. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं मिसळतात. दातांच्या टोकाशी उष्णता चढली की ती पोलादाशी संयोग पावतात आणि पृष्ठभागावर एक पातळ थर धरतात. झीज होते ती त्या थराची, दात वाचतो. गिअर ऑईलचा डबा उघडल्यावर नाकात जाणारा तो उग्र वास या गंधकाचाच. जीएल-५ मध्ये ही औषधं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. हायपॉइड क्राऊनला जीएल-५ च लागतं, तिथे तडजोड नाही.

मग तेच गिअरबॉक्समध्येही का घालू नये? जास्त औषध म्हणजे जास्त चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण गिअरबॉक्सची गरज उलटी आहे. तिथे सिंक्रो रिंग असते, बहुधा पितळेची. तुम्ही दांडा ढकलता तेव्हा ही रिंग गिअरच्या शंकूला घासून धरते, दोघांचा वेग एक करते, आणि मग दाते बिनआवाज अडकतात. म्हणजे इथे घर्षण हवं असतं. जीएल-५ त्या जागी नको तितका निसरडेपणा आणू शकतं. रिंग धरायला उशीर करते आणि गिअर 'खर्रर्र' करत पडतो. वरून गंधक तापलेल्या पितळेला खातं, असं गॅरेजात सांगतात. जुन्या ऑईलांबाबत ते बरंचसं खरं होतं. आजची औषधं सौम्य झाली आहेत, त्यामुळे एका फेरीत रिंग खलास होणार नाही. पण घर्षणाची अडचण राहतेच. कंपनीने जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-५ त्याहून वरचं आहे म्हणून घालू नका. काही कंपन्या त्यांच्या गिअरबॉक्सला वेगळं किंवा जीएल-५ च ऑईल सांगतात. तिथे पुस्तिकेचा शब्द अखेरचा.

आता गाडीनुसार. बोलेरो, सुमो, क्रूझर आणि ईको मागच्या चाकांवर चालतात. यांत दोन वेगळी घरं, दोन वेगळे बोल्ट आणि बहुधा दोन वेगळी ऑईलं. ऑल्टो-स्विफ्ट पुढच्या चाकांवर चालतात. त्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असतं, दाते हायपॉइड नसतात, आणि एकच ऑईल दोघांना पुरतं. ऑल्टोवाल्याने "क्राऊनचं ऑईल" वेगळं मागायचं कारणच नाही.

या भागात आणखी एक सवय आहे. घरी ट्रॅक्टर असतो, त्याचा वीस लिटरचा डबा पडलेला असतो, आणि त्यातलंच ऑईल जीपच्या क्राऊनमध्ये जातं. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरचं ऑईल गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक, तिघांना चालेल असं बनवलेलं असतं. हायपॉइड दातांची घसट सोसायला ते बनवलेलं नाही. कृपया हे करू नका.

ऑईल बदलताना मिस्त्रीशेजारी उभे राहा. गाडी थोडी चालवून गरम करून आणा, आणि खालचा बोल्ट उघडण्याआधी वरचा, भरण्याचा बोल्ट सुटतोय ना ते बघा. खालून सगळं ऑईल सांडल्यावर वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकते. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा गाळ बोटावर घ्या. करडा, लोण्यासारखा मऊ गाळ म्हणजे नेहमीची झीज. बोटाला टोचणारा तुकडा लागला तर दात किंवा बेअरिंग फुटलंय. पितळेला चुंबक धरत नाही, ती निघालेल्या ऑईलमध्ये दिसते. गिअरबॉक्सचं ऑईल उन्हात धरलं आणि सोनेरी चमक आली, तर ती सिंक्रो रिंगची. नवं ऑईल बहुतेक गाड्यांत वरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरायचं. क्राऊनमध्ये जास्त भरलं तर सील फोडून ते मागच्या ड्रममध्ये उतरतं आणि ब्रेक लायनर भिजतात.

पाण्याचं वेगळं सांगतो. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यात पुराने किती हाल केले ते इथल्या वाचकाला सांगायला नको. पुलावरच्या पाण्यातून गाडी काढली की तापलेला ॲक्सल एकदम थंड होतो, आतली हवा आकसते, आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या भोकातून, किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. ऑईल दुधाळ दिसलं तर ते बदललंच पाहिजे. मग ते महिन्यापूर्वी भरलेलं असलं तरी.

बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत असते. माल किंवा माणसं भरून घाटात चालणाऱ्या गाडीला त्यातली कडक वापराची मुदत लावा. आणि यापुढे दुकानात 'नव्वद नंबर' एवढंच सांगू नका. पुस्तिकेचं ते पान मोबाइलमध्ये टिपून ठेवा, डब्याच्या मागच्या बाजूला जीएलचा आकडा स्वतः वाचा, आणि मगच पैसे द्या.

पुढच्या आठवड्यात चाकाचं बेअरिंग आणि ग्रीस.