चित्रपुस्तकाच्या कर्त्याची वर्गात ओळख

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या परभणी जिल्ह्यात शाळा आता खेड्यापाड्यांत आणि तांड्यांवरही पोहोचली आहे. अक्षरओळखीचे काम तेथे नेटाने चालते. तथापि अक्षरे ओळखू लागलेले मूल वाचक झाले, असे लगेच म्हणता येत नाही. काना-मात्रा जुळवीत धड्यातील ओळ पूर्ण करणारा विद्यार्थी, त्या ओळीत काय घडले असे विचारताच गप्प होतो, हा अनुभव अनेक शिक्षकांना येतो. इयत्ता तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट सन २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत गाठावयाचे ठरविले. ते गाठण्यासाठी पाठ्यपुस्तकाबरोबर गोष्टीची पुस्तकेही मुलांच्या हाती पडली पाहिजेत, आणि ती कशी वाचावयाची हेही त्यांना उमगले पाहिजे.

या दृष्टीने एक साधी व अल्पखर्चाची पद्धत प्राथमिक वर्गांना विशेष उपयुक्त आहे. एकाच लेखक-चित्रकाराची चार-पाच पुस्तके निवडावीत, ती काही आठवडे वर्गात एकत्र वाचावीत, त्यांतील साम्य व भेद मुलांनीच शोधावेत आणि शेवटी मुलांनी स्वतःचे पुस्तक तयार करावे, असे तिचे स्वरूप आहे. सुट्या गोष्टी वाचताना मुलाचे लक्ष कथानकावर असते. एकाच कर्त्याची अनेक पुस्तके समोर आली की पुस्तक आपोआप होत नसून ते कोणीतरी विचारपूर्वक घडविलेले असते, ही जाणीव त्याला होते.

शब्द आणि चित्र

मुलांसाठी सचित्र पुस्तक करण्याची कल्पना जुनी आहे. चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांनी १६५८ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘ऑर्बिस पिक्टस’ हे या प्रकारातील आद्य पुस्तकांपैकी एक मानले जाते. पुढे चित्रपुस्तकाचा स्वतंत्र साहित्यप्रकार विकसित झाला. सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक यांतील फरक मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिल्यात गोष्ट शब्दांनी पूर्ण होते व चित्र तिला शोभा आणते. दुसऱ्यात शब्दांनी न सांगितलेला भाग चित्र सांगते. ‘आजी रागावली’ एवढेच शब्द असले, तरी ती कोणावर रागावली, खरोखरच रागावली की हसू दाबते आहे, हे चित्रातूनच कळते. म्हणून चित्रपुस्तक वाचताना मुलाला दोन्हींची सांगड घालावी लागते, आणि अर्थ लावण्याची सवय त्याला याच खटाटोपातून लागते.

लेखक आणि चित्रकार एकच असेल तर काय सांगावयाचे व काय दाखवावयाचे याचा निर्णयही एकाच व्यक्तीचा असतो. अमेरिकेतील एरिक कार्ल (१९२९–२०२१) यांची पुस्तके तेथील वर्गांत याच कारणाने अभ्यासली जातात. स्वतः रंगविलेल्या पातळ कागदाचे तुकडे कापून व चिकटवून ते चित्रे तयार करीत. ही रीत एकदा पाहिलेले मूल त्यांचे दुसरे पुस्तक मुखपृष्ठावरून ओळखते. मराठी मुलांना असा ओळखीचा चित्रकार आपल्याच भाषेत मिळू शकतो.

माधुरी पुरंदरे यांचे कार्य

श्रीमती माधुरी पुरंदरे यांचा जन्म १९५२ चा. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व पुढे पॅरिस येथे त्यांचे कलाशिक्षण झाले. ग्रामीण स्त्रियांना बालवाडी शिक्षिकेचे प्रशिक्षण देणारी ‘वनस्थळी’ ही संस्था त्यांच्या मातोश्री निर्मलाताई पुरंदरे यांनी १९८१ मध्ये उभी केली. खेड्यातील लहान मुलांचे शिक्षण हा विषय अशा रीतीने त्यांच्या घरातच होता.

त्यांच्या ‘राधाचं घर’ या पुस्तकमालेत एका लहान मुलीच्या नजरेतून घरातील माणसांची ओळख होते. ‘यश’ मालेत एका मुलाच्या नित्याच्या जीवनातील प्रसंग आहेत. प्रथम बुक्सने प्रसिद्ध केलेल्या ‘बाबाच्या मिशा’मधील अनूला वडिलांच्या मिशांचे भारी अप्रूप आहे. ‘चित्रवाचन’ हे पुस्तक तर नावाप्रमाणेच चित्रे वाचावयास लावणारे आहे. याखेरीज मराठी साहित्यातील वेचे विषयवार गुंफून त्यांना भारतीय चित्रकलेची जोड देणारे ‘वाचू आनंदे’ आणि भाषेचा सराव रंजक करणारे ‘लिहावे नेटके’ हे त्यांचे ग्रंथ शिक्षकांच्या परिचयाचे आहेत. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार लाभला.

राजपुत्र, राक्षस किंवा अद्भुत नगरी यांच्यावाचूनही गोष्ट रंगू शकते, हे या पुस्तकांतून दिसते. घर, शेजार, शाळा, पाहुणे, भांडण आणि समेट हीच त्यांची सामग्री. चित्रांतील माणसे बसतात, वाकतात, कामे करतात ती आपल्या घरातल्यासारखी. परभणीच्या मातीला हे अपरिचित नाही. गंगाखेडच्या संत जनाबाईंनी दळणकांडण, झाडलोट अशी घरकामे अभंगांत आणली, त्यास सात शतके होत आली. नित्याचे जीवन साहित्याचा विषय होऊ शकते, ही शिकवण जिल्ह्याच्या परंपरेतच आहे.

तीन आठवड्यांची आखणी

पहिल्या आठवड्यात केवळ वाचन व निरीक्षण असावे. दररोज एक पुस्तक शिक्षकाने मोठ्याने वाचावे. मुले अर्धवर्तुळात बसलेली असावीत आणि प्रत्येकास चित्र दिसावे. वाचण्यापूर्वी मुखपृष्ठावरील नाव बोट ठेवून दाखवावे व ‘गोष्ट कोणी लिहिली, चित्रे कोणी काढली?’ असे विचारावे. दोन्हींस एकच उत्तर येते, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलेच सांगू लागतात. पान उलटण्याआधी क्षणभर थांबावे, मुलांना पुढचा अंदाज करू द्यावा. उत्तर चुकले तरी ते खोडू नये. पुढचे पान त्याचा निर्णय करतेच.

दुसरा आठवडा तुलनेचा. फळ्यावर चार रकाने आखून प्रत्येक पुस्तकाची नोंद घ्यावी : गोष्ट कोणाची, कोठे घडते, कोणती अडचण येते, ती कशी सुटते. नंतर चित्रांकडे वळावे. माणसांचे डोळे कसे काढले आहेत? रंग गडद आहेत की फिके? शब्दांत नसलेली कोणती वस्तू चित्रात सापडली? दोन-दोन मुलांच्या गटास एकेक पान दिले, तर मागच्या रांगेतील मूलही बोलते होते. शब्दांविना असलेले चित्र येथे विशेष कामी येते. ज्याचे वाचन कच्चे आहे ते मूलही बारीक तपशील टिपते आणि वर्गात प्रथमच पुढे सरसावते.

तिसऱ्या आठवड्यात मुलांनी निर्मिती करावी. पाठकोरे कागद मधोमध दुमडून सुईदोऱ्याने शिवले की आठ पानांचे पुस्तक तयार होते. आधी गोष्ट तोंडी सांगावयाची, मग कोणत्या पानावर काय लिहावयाचे व काय केवळ चित्रात दाखवावयाचे हे ठरवावयाचे. ‘बाबाच्या मिशा’ ऐकलेला वर्ग गावातील मिशांची पाहणी करू शकतो, किंवा आजीचा चष्मा, काकांचा फेटा यांवर गोष्ट रचू शकतो. मुखपृष्ठावर लेखक व चित्रकार म्हणून मुलाचे स्वतःचे नाव असावेच.

गावाची बोली, गावाचे चित्र

या पद्धतीचे खरे मोल तिसऱ्या आठवड्यात प्रत्ययास येते. पुस्तकातील घर शहरी असेल, तर ‘आपले घर कसे असते?’ हा प्रश्न सहज उभा राहतो. मग माळवदाचे घर, अंगणातील बाज, वावरातील आखाडा, वेचणीला आलेला कापूस, पोळ्याला सजविलेले बैल, हुरड्याची आगटी, परभणीच्या उरुसातील पाळणे अशी चित्रे कागदावर येऊ लागतात. मूल ‘माय’ म्हणत असेल, तर त्याच्या पुस्तकात ‘माय’ असाच शब्द राहू द्यावा. प्रमाणभाषा त्याला शिकावयाचीच आहे. परंतु घरची बोली अशुद्ध ठरवून आरंभीच खोडली, तर मूल बोलणेच थांबविते आणि न बोलणारे मूल लिहीतही नाही.

जिंतूरसारख्या तालुक्यात तांड्यावरची मुले घरी बंजारा बोली बोलतात, शहरातील अनेक घरांत उर्दू बोलली जाते. अशा वर्गात चित्र ही सर्वांना समान असलेली भाषा ठरते. चित्रातील वस्तूचे नाव प्रत्येकाने आपल्या बोलीत सांगावे, मग तिचा मराठी शब्द सर्वांनी मिळून म्हणावा. याने कोणाचीच बोली हिणावली जात नाही व मराठी शब्दसंग्रहही वाढतो.

ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांचा प्रश्न याहून बिकट आहे. ही मुले गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आखण्यात आली. तरीही जी मुले कारखान्याच्या वाटेला लागतात, त्यांचे वाचन कित्येक महिने खंडित होते. स्थलांतराच्या आधीच हा उपक्रम घेतला, तर मुलाने शिवलेले पुस्तक त्याच्याबरोबर कोपीवर जाऊ शकते. त्याने शाळेची जागा भरून निघत नाही. मात्र वाचावयास काही जवळ राहते आणि परतल्यावर वर्गाला सांगावयास नवी गोष्टही असते.

काही पथ्ये

उपक्रमाची परीक्षा होऊ देऊ नये. लेखिकेची जन्मतारीख व पुरस्कार पाठ करून घेणे म्हणजे तिचा अभ्यास नव्हे. तिच्या चित्रांची हुबेहूब नक्कल करावयास लावणेही योग्य नाही. तिच्याकडून पाहण्याची रीत घ्यावयाची, रेषा मुलाची स्वतःची असावी. ‘चित्र छान आहे’ एवढ्यावर समाधान न मानता, ‘असे कशावरून वाटले? चित्रात दाखव’ असे विचारावे. या एका प्रश्नाने पुरावा देऊन बोलण्याची सवय जडते व तिचा उपयोग पुढे सर्वच विषयांत होतो.

पुस्तकांची उपलब्धता

बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय व त्यात गोष्टीची पुस्तके असणे अभिप्रेत आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार रु. ५,००० ते रु. २०,००० पर्यंतच्या ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली. खरेदी करताना एकेका कर्त्याची चार-पाच पुस्तके घेतली, तर हा उपक्रम दरवर्षी करता येतो. केंद्रातील शाळांनी वेगवेगळे संच घेऊन त्यांची आपसांत देवघेव केल्यास थोड्या खर्चात अधिक पुस्तके मिळतात. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात व छापूनही घेता येतात. पुस्तके कपाटात कुलूपबंद न ठेवता दोरीवर टांगावीत, म्हणजे ती मुलांच्या हाताशी राहतात. हाताळताना चार पाने फाटली तर ती चिकटविता येतील.

मुलांनी केलेली पुस्तकेही याच दोरीवर विकत आणलेल्या पुस्तकांच्या शेजारी टांगली जावीत आणि पालकसभेच्या दिवशी मुलांनी ती आईवडिलांना वाचून दाखवावीत. ज्या घरात आजवर पुस्तक आले नाही, त्या घरातील माणसांना आपला आखाडा, आपली बोली आणि आपल्या लेकराचे नाव छापील पुस्तकाच्या शेजारी पाहावयास मिळेल. अशा मुलाला वाचनाकडे वळविण्यासाठी निराळा आग्रह फारसा करावा लागणार नाही.