भूत पकडा, पण बाईला सोडा!

जळगाव-भुसावळ रस्त्यावरच्या नशिराबादेत काय किंवा आणखी कुठे काय, एखाद्या घरात आपोआप कपडे पेटू लागले की शिकलेली माणसेही भगताचा पत्ता विचारतात. खरे उत्तर रसायनशास्त्रात असू शकते. पांढरा फॉस्फरस सुमारे ३० अंशांवर पेट घेतो आणि खान्देशात उन्हाळ्याचा पारा ४० च्या पुढे! भुताला वेगळे कष्ट नकोत.

१९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने भानामतीची अनेक प्रकरणे तपासली. घटना घडते तेव्हा कोण कुठे असते ते टिपायचे, घरातल्या प्रत्येकाशी एकेकटे बोलायचे. हात बहुधा घरातलाच निघतो. पुष्कळदा दबलेल्या सुनेचा, मुलीचा. कार्यकर्ते तिचे नाव चव्हाट्यावर आणत नाहीत. वकील म्हणून मला हेच मोलाचे वाटते. कारण भगत तिलाच साखळीने बांधतो, मिरचीची धुरी देतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे. या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला.

बंधू-भगिनींनो, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांतही ताईत सापडतात. निदान एवढे करा : वस्तीत भगत येणार असे कळले, तर आधी निरोप धाडा. तक्रार मी लिहून देतो.