वेल्डिंग पाच मिनिटांचं, तयारी दोन दिवसांची

समजा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुमच्या टीमनं जुन्या जीपचा मागचा अ‍ॅक्सल भंगारातून उचलून आणलाय. पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवायच्या, म्हणजे अ‍ॅक्सलच्या नळीवर सस्पेन्शनची ब्रॅकेट वेल्ड करणं आलं. इतवारीच्या लोहाओळीतून जाड पट्टी आणली, ब्रॅकेट कापून झाली, सबमिशन डोक्यावर आलंय. आता मशीन सुरू करायची आणि चिकटवून टाकायचं?

थांबा बाप्पा! ब्रेक मारला की अ‍ॅक्सल फिरू पाहतो आणि तो सगळा धक्का या ब्रॅकेटवर येतो. जोड सुटला तर अ‍ॅक्सल जागा सोडतो. स्टेअरिंगवर तेव्हा तुमच्यापैकीच कुणीतरी असणार.

म्हणून आधी अ‍ॅक्सल पूर्ण रिकामा करा. तेल काढा. शाफ्ट, क्राऊन-पिनियन, बेअरिंग, सील, ब्रेकचे पाइप, सगळं बाहेर. आत राहिलेलं तेल तापून पेटू शकतं, रबरी सील वितळतात. बेअरिंग आतच ठेवलं आणि करंट त्यातून गेला, तर गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात. ते दिसत नाहीत, पण चार दिवसांनी गाडी घरघरायला लागते. म्हणून अर्थिंगचा क्लॅम्पही वेल्डच्या अगदी जवळ, घासलेल्या जागेवर लावायचा.

मग धातू ओळखा. अनेक जिपांच्या अ‍ॅक्सलमध्ये मधला डिफरेन्शियलचा गोळा ओतीव लोखंडाचा असतो आणि बाजूच्या नळ्या पोलादी. पोलादावर नेहमीचं वेल्डिंग बसतं. ओतीव लोखंड थंड होताना तडकतं. ब्रॅकेट नळीवरच येतील असं डिझाइन करा.

आता सफाई. आधी ग्रीस पुसा, नंतर ग्राइंडर. उलटं केलंत तर ग्रीस खरवडलेल्या धातूत आणखी घासलं जातं. जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर जागा चकचकीत दिसली पाहिजे. रंग, गंज, तेल राहिलं की वेल्डमध्ये हवेची छिद्रं पडतात. आणि एक लक्षात ठेवा: क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर इथे चालत नाही. त्याचा अंश राहिला तर आर्कमुळे फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. अ‍ॅसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच मशीन सुरू करा.

मोजमाप मात्र घाई न करता. गाडी जितक्या उंचीवर उभी राहणार तितक्या उंचीवर अ‍ॅक्सल टेकवा, पिनियनचा कोन पक्का करा, मगच खुणा करा. डावं-उजवं ब्रॅकेट मध्यापासून सारख्याच अंतरावर हवं. आधी फक्त टाके मारा, पुन्हा मोजा. टाका ग्राइंडरनं काढता येतो, पूर्ण वेल्ड काढताना घाम फुटतो.

वेल्ड थंड होताना आकसतं आणि नळीला आपल्याकडे ओढतं. एका बाजूनं सलग वेल्ड केलं तर अ‍ॅक्सल केळ्यासारखा वाकेल. म्हणून छोटे तुकडे घ्या, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मध्ये निवू द्या. पाणी ओतू नका, आपोआपच थंड होऊ द्या. पावसाळ्यात रॉड ओलावा धरतात; लो-हायड्रोजन रॉड ओव्हनमध्ये वाळवूनच वापरा.

हे सगळं प्रोजेक्टसाठी, वर्कशॉप आणि ट्रॅकसाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार रस्त्यावरच्या गाडीत कंपनीनं दिलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलंय.

शेवटी, बाजा एसएई स्पर्धेची एक चांगली सवय उचला. तिथे टीमला वेल्डिंगचा नमुना मोडून दाखवावा लागतो. पाइप मोडला तर ठीक, जोड सुटला तर नापास. तुम्हीही त्याच पट्टीचा तुकडा तशाच नळीवर जोडा, शिकंजात धरा आणि हातोड्यानं वाकवा. पट्टी वाकली, फाटली आणि जोड टिकला तर खुशाल अ‍ॅक्सलकडे वळा. जोड सुटला, तर सरांची बोलणी खा, सबमिशन दोन दिवस पुढं ढकला आणि हिंगणा एमआयडीसीत रोज हेच काम करणाऱ्या एखाद्या वेल्डर दादांना गाठा. 'काऊन सुटला?' हे त्यांनाच विचारा.